घराला सांगून निघणारा

माझ्या नवऱ्यानं आजवरच्या आयुष्यात एकही जागा निरोप घेतल्याशिवाय सोडलेली नाही. माणसांचा निरोप सगळेच घेतात. तो जागांचा घेतो. लग्नानंतर आम्ही पहिल्यांदा हॉटेलात राहिलो, तेव्हा खोली सोडताना मी बॅग ओढत पुढे आले आणि तो दारातच थांबला. आत काही राहिलं की काय, म्हणून मी त्याच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. चुरगळलेल्या चादरी, अर्धवट ओढलेला पडदा, बाकी काही नाही. त्या रिकाम्या खोलीकडे बघून, एखाद्या वयस्कर नातेवाइकाशी बोलावं तसं तो म्हणाला, "येतो बरं का." मग त्यानं दार लोटलं, तेही असं की आत कोणाची झोप मोडू नये. लग्नाला तेव्हा आठवडाही झाला नव्हता. विचारायचा धीर झाला नाही. मी फक्त लिफ्टपर्यंत एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

पुढे जर्मनीत, बॉबलिंगेनला त्याच्या घरी राहायला गेले तेव्हा कळलं, की हॉटेलची खोली ही काही खास नव्हती. तो आमच्या इमारतीच्या लिफ्टचा निरोप घेतो. दातांच्या डॉक्टरांकडून निघताना त्या आडव्या खुर्चीचा घेतो. भाड्यानं आणलेली गाडी परत करताना तिच्या बॉनेटवर दोन सेकंद हात ठेवतो. खालच्या मजल्यावरच्या आजींनी एकदा मला जिन्यात गाठून हळू आवाजात विचारलं, "तुमचे यजमान फार धार्मिक आहेत का?" माझं जर्मन तेव्हा जेमतेम होतं. मी म्हटलं, "नाही, ते ब्रेक बनवतात." हे जवळजवळ खरं होतं. गाड्यांचे ब्रेक तपासणं हा त्याचा धंदा आहे. सोमवार ते शुक्रवार तो गाड्या वेगात पळवून थांबवतो आणि त्या किती अंतरात थांबल्या ते मोजतो. आजींनी माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं.

बरं, त्याचा कशावर विश्वास आहे म्हणावं तर तेही नाही. अमरावतीचं त्यांचं घर बौद्ध, सासऱ्यांचं अर्धं आयुष्य लोकांच्या अंगातली भुतं पुराव्यानिशी खोटी ठरवण्यात गेलेलं. नवराही अंधारात बिनदिक्कत जातो. मी एकदा सरळ विचारलं, की तू नक्की कोणाशी बोलतोस? तो भाजी चिरत होता. म्हणाला, "कोणाशीच नाही. भूत-बित काही नसतं." मग जरा विचार करून, "पण असलंच, तर त्याच्याशी नीट वागायला आपलं काय जातं?"

इथवरही ठीक होतं. पण तो 'येतो' म्हणतो आणि मग खरोखरच जातो. सासूबाई फोनवर सांगत होत्या, "जय भीम बाळा. अगं, शाळेला सुट्टी लागली की मास्तरांना नाही, वर्गाला येतो म्हणून यायचा. आणि मग भर उन्हाळ्यात कुलूप लावलेल्या शाळेच्या खिडकीतून आत डोकावून यायचा. का रे, म्हटलं तर म्हणे, सांगितलं होतं ना त्याला." शिकत असताना तो काही महिने र्युसेल्सहाइमला होता. तिथल्या कोपऱ्यावरच्या बेकरीला शेवटच्या दिवशी 'येतो' म्हणून आला होता. कितीतरी वर्षांनी एका शनिवारी, नुसता एक पाव खायला, तो बॉबलिंगेनहून गाडी काढून तिथवर गेला. बेकरी नव्हती. तिथं नखं रंगवण्याचं दुकान झालं होतं. तो आत गेला आणि टेबलामागच्या मुलीला म्हणाला, "इथं बेकरी होती. मी येतो म्हटलं होतं." तिनं काही वेळ त्याच्याकडे पाहिलं आणि, बसा, म्हणाली. त्या दिवशी तो नखं कापून, त्यांना चकाकी लावून परत आला. मला हसू आलं. तो हसला नाही. "कोणी तरी असायला हवं होतं तिथं," एवढंच म्हणाला.

अशा माणसाबरोबर राहिलं की हळूहळू जागांना कान फुटतात. आमच्या इमारतीत कपडे धुण्याची यंत्रं खाली तळघरात आहेत. तिकडे त्याला केलर म्हणतात. लांबच लांब बोळ, दोन्हीकडे जाळीच्या कोठड्या आणि आपोआप विझणारा दिवा. नवरा कपडे घेऊन वर येताना त्या अंधारालाही येतो म्हणून येतो. एकदा तो बाहेरगावी होता, म्हणून मी एकटी गेले. यंत्रातून कपडे काढले, दिवा विझला, आणि मला अगदी स्पष्ट वाटलं, की बोळाच्या टोकाशी कोणीतरी वाट बघतंय आणि आज तो का आला नाही हे मला विचारणार आहे. मी बादली तिथंच टाकून वर पळाले. त्याला हे सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तो परत आला, बादली घेऊन वर आला आणि म्हणाला, "तू काल घाईत निघालीस वाटतं." मी आजही स्वतःला सांगते, की बादलीवरून कळलं असणार.

माझं उलटं आहे. मला निरोप घेता येत नाही. आमच्या घरी सगळे 'बाय' म्हणायचे, शाळेत तर मराठी तासापुरतीच होती. बाय म्हटलं की सुटलं. त्यात आपण काही कबूल करत नाही. सकाळी जर्मनच्या क्लासला निघताना मी चपला घालत "चल, बाय" म्हणायची आणि दार ओढून घ्यायची. दार लागलं की आतून त्याचं पुटपुटणं ऐकू यायचं. दाराला काहीतरी म्हणत असेल, असं समजून मी जिना उतरायची. घरातली सगळ्यात कमी बोलणारी वस्तू मीच होते, आणि माझ्याशी तो जितक्या अदबीनं वागायचा तितक्याच अदबीनं लिफ्टशी वागायचा. पाणी आणून दिलं तर थँक्यू, वाट दिली तर थँक्यू. लग्नानंतरच्या सात महिन्यांत एकदाही आवाज चढला नव्हता. मैत्रिणी म्हणायच्या, नशीबवान आहेस. मला मात्र कधीकधी रात्री वाटायचं, की ह्या घरात मी लिफ्टच्या आधी येते की नंतर, हे मला कधीच कळणार नाही.

त्याच सुमारास पुण्याहून विचारणा झाली. लग्नाआधी मी एका संस्थेत बियाण्यांवर काम करायची. जुनी, कोणी पेरेनासं झालेलं धान्य गोळा करायचं, थंड खोलीत जपायचं, अधूनमधून रुजवून बघायचं. ते काम बंद पडलं, म्हणून मला लग्न करून तिकडे जाणं सोपं गेलं. आता ते पुन्हा सुरू होत होतं. संस्थेतल्या मॅडमनी विचारलं होतं, दीड वर्षासाठी येशील का, सोमवारी कळव. मला जायचं होतं, आणि नवऱ्याला सांगायचं होतं. तो नाही म्हणेल, ही भीती नव्हतीच. भीती ही होती, की तो लगेच, नीट हसून, "बरं" म्हणेल.

नेमकं तेव्हाच त्यानं बोटीचं काढलं. उत्तरेला मेक्लेनबुर्गकडे तळी आहेत, एकमेकांना कालव्यांनी जोडलेली, आणि तिथं परवाना नसलेल्या माणसांनाही राहायच्या सोयीची बोट भाड्यानं मिळते. ऑक्टोबर होता, गर्दी नव्हती. आम्हा दोघांना धड पोहताही येत नव्हतं. मी लगेच हो म्हटलं. घरात अवघड बोलणं निघालं की माणूस उठून दुसऱ्या खोलीत जातो; बोटीवर कुठे जाणार?

बोट म्हणजे लाकडी तराफ्यावर ठेवलेली एक टपरी होती. एक पलंग, एक शेगडी, पुढं खुर्ची आणि सुकाणू. बंदरावरच्या जाड मिशांच्या माणसानं आम्हाला शिकवायला सुरुवात केली. तर, हे सुकाणू. हे पुढं जायचं, हे मागं. नवऱ्यानं पायानं खुर्चीखाली चाचपलं. मग वाकून बघितलं. मग सरळ होऊन अगदी शांतपणे विचारलं, "ब्रेक?"

"ब्रेक नाही," मिशीवाला म्हणाला.

"म्हणजे हँडब्रेक?"

"कसलाच नाही. बोट आहे ती."

"मग थांबायला किती अंतर लागतं?"

मिशीवाल्यानं तळ्याकडे पाहिलं. "ते पाणी ठरवतं."

नवऱ्याचा चेहरा असा झाला होता, जणू एखाद्या डॉक्टरला कोणी सांगितलंय, ह्या गावात माणसांना नाडी नसते. त्यानंतर मिशीवाल्यानं दोर कसे धरायचे, धुकं पडलं तर काय करायचं, हे सगळं सांगितलं. पण नवऱ्याच्या कानात काही गेलं असेल असं मला वाटत नाही. धुक्याचं माझ्या लक्षात राहिलं, कारण ते दोनच शब्दांचं होतं. "नांगर. थांबा." निघताना नवरा बंदराला येतो म्हणाला. मिशीवाला म्हणाला, "यायलाच हवं. बोट माझी आहे."

पहिल्याच दिवशी वाटेत श्लॉयझे लागलं. कालव्याचं पाणी सगळीकडे एका पातळीवर नसतं, म्हणून मधे दोन दारांची काँक्रीटची पेटी असते. बोट आत घ्यायची, मागचं दार लागतं, पेटीतलं पाणी उतरतं, पुढचं दार उघडतं. पाण्याची लिफ्टच. पण तिथं माणूस नव्हता. पाण्यावर लोंबणारी हिरवी दांडी नवऱ्यानं फिरवली, आणि समोरची ती काळी, शेवाळलेली दारं कोणीही न ढकलता, अजिबात आवाज न करता उघडली. दोन्हीकडे उंच ओल्या भिंती. मागची दारं तशीच मुकाट्यानं मिटली. वर फक्त आभाळाची पट्टी.

"छान आहे हं," नवरा कुजबुजला. इतक्या मोठ्या लिफ्टपुढे त्यालाही दबायला झालं होतं.

श्लॉयझेत दोर नुसता खुंट्याभोवती घालून हातात धरायचा असतो आणि पाणी उतरेल तसा सोडत जायचा असतो. पण ब्रेकवाल्या माणसाला हलणारी बोट बघवेना. दिवसभरात पहिल्यांदाच काहीतरी थांबवायची संधी मिळाली होती. त्यानं दोर आवळला, गाठ मारली, तिच्यावर दुसरी मारली आणि समाधानानं हात झटकले. पाणी उतरू लागलं. बोट एका बाजूनं उतरली, दुसऱ्या बाजूनं भिंतीलाच लटकून राहिली. पोह्यांचं पातेलं माझ्यासमोरून हळूच, घसरगुंडीवरून जावं तसं निघून गेलं. मी गाठीशी झटत होते, तो गाठीशी झटत होता, दोर करकरत होता. आणि मग वरून, त्या निर्मनुष्य जागेत, एक बाई बोलली.

"गाठ सोडू नका. हात काढा. मी पाणी परत चढवते."

आम्ही दोघांनी वर पाहिलं. वर एक खांब होता, बाकी काही नाही. पाणी थांबलं, मग खालून हळूहळू वर आलं, बोट सरळ झाली, दोर सैल पडला. कुठल्यातरी लांबच्या गावात बसून ती बाई कॅमेऱ्यातून आम्हाला बघत असणार, हे मला नंतर सुचलं. त्या क्षणी एवढंच दिसत होतं, की आयुष्यभर माझा नवरा वस्तूंशी बोलत आला होता आणि आज पहिल्यांदा एका वस्तूनं त्याला उत्तर दिलं होतं. त्याला त्याचं जरासुद्धा नवल वाटलं नाही. पुढची दारं उघडली तेव्हा त्यानं खांबाकडे बघून मान झुकवली. "डांके. येतो बरं का."

 खांब म्हणाला, "ट्श्यूस." म्हणजे बाय.

त्या दिवशी मी पुण्याचं काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एका लहानशा तळ्यात शिरलो. काठाला सगळीकडे उंच लव्हाळी, त्यामागे पाइनची झाडं आणि पाणी इतकं निश्चल की बोटीचीच लाज वाटावी. एका बाजूला लाकडी धक्का होता, त्याच्या टोकाला कोणीतरी उभं होतं. पिवळा रेनकोट, डोक्यावर टोपी, एक हात वर. आम्ही बरेच लांब होतो. नवऱ्यानंही हात वर केला, आणि पाण्यावरून आवाज जाईल अशा बेतानं मराठीतच म्हणाला, "येतो बरं का!"

मी म्हटलं, "अरे, आपण ओळखतही नाही."

"त्यांनी आधी हात केला."

आणि धुकं आलं. ते खाली उतरलं नाही, पाण्यातूनच उठलं. आधी झाडं गेली, मग लव्हाळी गेली, मग बोटीचं पुढचं टोक गेलं. नवरा म्हणाला, कालव्याचं तोंड सरळ समोरच आहे, मी फक्त सुकाणू हलवणार नाही. इंजिनाचा आवाज आमच्याजवळच घुटमळत राहिला. बऱ्याच वेळानं समोर पिवळं काहीतरी दिसलं. धक्का. तोच रेनकोट, तोच हात वर.

"आपण वळलो वाटतं," नवरा म्हणाला. त्यानं पुन्हा हात केला, जरा ओशाळून, एकाच घरी दोनदा बेल वाजवली गेल्यासारखा. बोट वळवली. या वेळी मी पुढं उभी राहून बघत होते. बघण्यासारखं काही नव्हतं. पांढऱ्यात पांढरं. मग उजव्या हाताला लव्हाळी घासल्याचा आवाज आला, धुकं एका जागी जरा पातळ झालं, आणि तिथं पुन्हा तो हात होता.

 "तू येतो म्हणालास त्याला," मी म्हटलं. माझाच आवाज मला ओळखू आला नाही. "म्हणून."

"काहीतरीच काय. ह्या बोटीला ब्रेक नाही तसं सरळ चालणंही नाही, एवढंच." पण तो हळू बोलला. आणि मग, त्याला साजेसंच, "आता आलोच आहोत तर नीट भेटून घेऊ."

बोट धक्क्याला मऊसर आदळली. रेनकोट हाताच्या अंतरावर होता. आत माणूस नव्हता. एक खांब, त्यावर आडवी फळी, फळीवर कोट, खिळ्यावर टोपी. एका बाहीत काठी खुपसून हात वर केलेला. पाणकावळ्यांना घाबरवायला कोणीतरी लावलेलं बुजगावणं असणार. कोटाच्या कडेवरून पाणी ठिबकत होतं. टोपीखाली, जिथं तोंड असायला हवं, तिथं कोळ्यानं दाट जाळं विणलं होतं, आणि धुक्याचे थेंब अडकून ते जाळं श्वास घेतल्यासारखं हलत होतं. नवरा बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "कोणी बोलायला नाही वाटतं यांच्याकडे येत."

तेव्हा मला मिशीवाल्याचे दोन शब्द आठवले आणि मी ओरडलेच, "नांगर!" जरा मागे जाऊन आम्ही नांगर टाकला. साखळी सरसरत गेली, बोट एकदा हिसका देऊन थांबली. नवऱ्याचा चेहरा उजळला. "अगं, हा ब्रेकच आहे की! कालपासून का नाही सांगितलंस?"

त्यानं चहा टाकला. आम्ही समोरासमोर बसलो. बाहेर कुठलाच आवाज नव्हता, फक्त मधूनच धुकं सरकायचं आणि खिडकीत तो हात दिसायचा, जसा कोणी काहीतरी सांगण्यासाठी वर्गात हात वर करून बसलाय आणि त्याच्याकडे कोणी बघतच नाहीये. मला वाटलं, आता नाही सांगितलं तर आपण इथून सुटणारच नाही.

"मला पुण्याला बोलावलंय," मी म्हटलं. "जुनं काम परत सुरू होतंय. दीड वर्ष. सोमवारी कळवायचंय."

त्यानं कप खाली ठेवला. नीट, बशीच्या मधोमध.

"बरं," तो म्हणाला.

तेच 'बरं'. मी इतके दिवस ज्याला घाबरत होते, अगदी तेच. मी खिडकीकडे तोंड फिरवलं. आणि तेवढ्यात कोणीतरी बाहेरून बोटीवर टकटक केलं.

टक टक. मग थांबून, टक टक टक. पाण्याच्या पातळीवर, पलंगाच्या खालच्या अंगाला. मी त्याचा हात कधी धरला ते मला कळलं नाही. त्याचाही हात गार होता. पण सवय मोठी वाईट. घसा साफ करून तो म्हणाला, "कोण आहे?" उत्तर नाही. "या ना, आत या." टक टक. मग त्यानं दार उघडलं. धुक्यातून एक लांब पांढरी मान वर आली, तिच्या टोकाला काळे डोळे. राजहंस होता. बोटीच्या लाकडावरचं शेवाळ टोचत होता. त्यानं आमच्या दोघांकडे अत्यंत नापसंतीनं पाहिलं आणि पुन्हा कामाला लागला.

मी हसत सुटले, ते थांबेचना, आणि मधेच कधीतरी रडायला लागले. नवरा दारातच उभा राहिला, पाठमोरा.

"जा तू," तो म्हणाला. "जायलाच पाहिजे. तुझ्या त्या बियांबद्दल बोलतेस तेव्हाच तू जरा बोलतेस." मग त्यानं दाराच्या चौकटीवर हात ठेवला. "फक्त एक आहे."

"काय?"

"तू निघताना बाय म्हणतेस."

"मग काय म्हणू?"

"नाही, म्हण. पण तू सगळ्यांनाच बाय म्हणतेस. क्लासमधल्या लोकांना, दुकानातल्या बाईला, चुकीचा नंबर लागला तर त्यालासुद्धा. मला कळत नाही, मी त्यांच्या आधी की नंतर."

मी रडायची थांबले. लिफ्टचं मी त्याला कधी बोलले नव्हते, आजही बोललेले नाही.

"आणि तू गेलीस की घर फार गप्प होतं," तो हंसाकडे बघत म्हणाला. "म्हणून दार लागलं की मी सांगतो त्याला."

"काय सांगतोस?"

"की, येते म्हणाली ती."

"मी म्हटलं नव्हतं."

"मला माहीत आहे. घराला माहीत नाही."

धुकं कधी विरलं ते कळलं नाही. नांगर वर घेताना तळ्याला काठ आले होते, काठाला झाडं आली होती, आणि कालव्याचं तोंड इतकं जवळ, इतकं उघड होतं, की आपण नक्की कुठे फिरत होतो, असं वाटावं. नवऱ्यानं रेनकोटाकडे बघून हात वर केला. "येतो आम्ही." आम्ही, म्हणाला. मी मागे वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं. कालव्यात शिरताना तरी बघितलंच. पिवळा ठिपका धक्क्यावर होता. हात खाली होता. काठी घसरली असेल. वारा नव्हता, पण आमच्या बोटीच्या लाटेनं धक्का हलला असेल. मी नवऱ्याला काही म्हटलं नाही. तो सुकाणूवर होता, ब्रेक नसताना, आणि पहिल्यांदाच बरा दिसत होता.

मी पुण्याला आले. निघताना विमानतळावर ते म्हणायचं मी पक्कं ठरवलं होतं, गाडीत मनातल्या मनात म्हणूनही बघितलं होतं. पण आजूबाजूला माणसं होती, रांग पुढे सरकत होती, आणि तोंडातून आलं ते "चल, बाय". तो हसला, "हो, नीट जा" म्हणाला. तपासणीच्या पलीकडून मी वळून पाहिलं. काचेच्या आपोआप उघडणाऱ्या दारापाशी तो उभा होता आणि दाराकडे जरासं झुकून त्याला काहीतरी समजावून सांगत होता. दार उघडत होतं, मिटत होतं, उघडत होतं.

वसंतात तो एकटाच त्या तळ्यावर जाऊन आला. तसं कबूल केलं होतं ना. त्यानं फोटो पाठवला: लव्हाळी, धक्का, टोकाला उघडा खांब. कोट नाही, टोपी नाही, आडवी फळीसुद्धा नाही. खाली त्यानं लिहिलं होतं, "नव्हते घरी. निरोप ठेवलाय." मी तो फोटो थंड खोलीत, बियांच्या बरण्यांमध्ये उभी राहून बराच वेळ बघत होते. आमच्या काही बिया वर्षानुवर्षं काहीच करत नाहीत. मेलेल्या म्हणून टाकून द्यावं तर एखाद्या सकाळी त्यातल्या एकीला बारीकसा पांढरा कोंब आलेला असतो. मॅडम म्हणतात, त्यांना घाई करायची नाही.

काल फोनवर आम्ही नेहमीचंच बोललो. तिकडे पाऊस होता, लिफ्ट बंद पडली होती, त्याला तिची काळजी वाटत होती. तो म्हणाला, "ठेवतो मग." मीही ठेवते म्हणायचं, तर माझ्या तोंडून निघालं, "येते." फोन ठेवताना कोणी येते म्हणत नाही, एवढं मराठी मलाही कळतं. पलीकडे काही आवाज आला नाही. मला वाटलं, कट झाला. मग, फोन कानापासून लांब धरून बोलावं तसा त्याचा आवाज आला, माझ्याशी नव्हे.

"ऐकलंस ना? या वेळी ती स्वतः म्हणाली."

मग एखादं माणूस काही विचारेल इतका वेळ शांतता. आणि मग तो म्हणाला, "हो, हो. सांगतो तिला."

काय सांगायचं होतं, ते मी त्याला अजून विचारलेलं नाही. तिकडे गेल्यावर विचारीन म्हणते, त्याला किंवा घराला.